गुडबंदी

नोकरीच्या पहिल्याच दिवशी, जेवणाच्या सुट्टीच्याही आधी, त्यांनी माझ्यादेखत माझा कागद फाडला. नुसता फाडला नाही. चार तुकडे केले, एकावर एक नीट ठेवले आणि माझ्या हातात दिले.

"टोपलीत टाक," म्हणाले, "आणि हा शब्द परत या खोलीत आणू नकोस."

मी टाइप केलं होतं एका निवृत्त होणाऱ्या फिटरचं सर्व्हिस सर्टिफिकेट. अमुक इसम आमच्याकडे अमुक वर्षं अमुक पदावर होता, 'हिज कंडक्ट वॉज गुड'. जगातल्या सगळ्या सर्टिफिकेटांवर असतं ते वाक्य. टायपिंगच्या क्लासात ते मी इतक्यांदा बडवलेलं की झोपेतसुद्धा आलं असतं. आईने हातावर ठेवलेलं दही खाऊन कोपरीहून नवा ड्रेस घालून मोठ्या दिमाखात निघालेली मी, त्या चार तुकड्यांकडे बघतच राहिले. यात शिवी कुठे होती तेच मला कळेना.

"सर, काय चुकलं?"

"गुड म्हणजे काय?"

"चांगला."

"जेवण गुड, हवा गुड, चपलांचा जोड गुड. आणि एकतीस वर्षं ज्या माणसाने माझ्या डोळ्यांदेखत व्हॉल्व्ह जोडले, तोही गुड? त्याला आणि चपलेला एकच शब्द?"

शेजारच्या टेबलावरचा टाइमकीपर फाइलमध्ये तोंड घालून हसू दाबत होता. दुपारी त्याने मला बाजूला घेऊन समजावलं, "टेन्शन नको घेऊस. बाकी माणूस साधा आहे. फक्त इथे गुडबंदी आहे."

आमची कंपनी कोलशेतला, खाडीच्या अंगाला होती. पितळी व्हॉल्व्ह बनवायची. 'होती' म्हणते, कारण आज तिथे टॉवर उभे आहेत आणि आमच्या फाउंड्रीच्या जागी स्विमिंग पूल आहे. मी पर्सोनेल खात्यात क्लार्क आणि ते तिथले हेडक्लार्क. कामगार त्यांना काका म्हणायचे, मी सर म्हणायचे. त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही. लिहिलं असतं तर तेच म्हणाले असते, नावाने कधी माणूस कळतो का?

दिसायला बुटके, एक खांदा किंचित खाली. शर्टाच्या खिशात दोन पेनं आणि एक पेन्सिल. पेन्सिल कच्च्या मतासाठी, पेन पक्क्या मतासाठी. कोणी गुड मॉर्निंग म्हटलं तर ते उलट गुड मॉर्निंग म्हणत नसत. एकदा खुद्द डायरेक्टर साहेब खात्यात आले आणि म्हणाले, गुड मॉर्निंग. हे उभे राहिले आणि म्हणाले, "साहेब, आत्ता साडेनऊलाच कसं सांगू? संध्याकाळी सांगतो." डायरेक्टर तसेच निघून गेले. आम्हाला वाटलं, संपलं. पण संध्याकाळी सहा वाजता हे खरोखरच त्यांच्या केबिनमध्ये गेले. "साहेब, सकाळ बरी गेली. दुपारी दोन माणसं आपसात भांडली, त्यामुळे दिवस काही तितकासा नाही." डायरेक्टरसाहेबांनी काय उत्तर दिलं कोणाला माहीत नाही, पण त्यानंतर आमच्या खात्यात गुड मॉर्निंग म्हणायला कोणी आलं नाही.

कँटीन चालवणारा नाखवा कोलशेतचाच, पिढीजात तिथला. जमिनी विकून त्याचे भाऊ गाड्या उडवत होते, हा मात्र हौसेने आम्हाला चहा पाजायचा. रोज विचारायचा, "काका, चाय कशी हाय?" हे घोट घेऊन डोळे मिटून म्हणायचे, "आज स्ट्राँग." दुसऱ्या दिवशी, "आज रिफ्रेशिंग." नाखवा कपाळाला हात लावायचा. "मना एकदा गुड बोला हो काका, मंग मी मराला मोकला."

"गुड मिळणार नाही," ते म्हणायचे, "बाकी सगळं घे."

त्यांच्या टेबलाच्या खालच्या खणात लाल कापडी पाठीचं एक जाडजूड रजिस्टर होतं. नोकरीत पाच-सहा महिने झाल्यावर त्यांनी ते मला उघडून दाखवलं, आणि मी चाटच पडले. अख्खं रजिस्टर एकाच शब्दाचं होतं. गुड. त्याचे सगळे अर्थ, आणि प्रत्येक अर्थाला त्याच्या जागी कुठले शब्द येतील ते. अंडं गुड म्हणजे ताजं, न नासलेलं. औषध गुड म्हणजे गुणकारी. 'अ गुड अवर' म्हणजे चांगला तास नव्हे, तर भरला तास, तासाहून थोडा जास्तच. वस्तूंचं प्रकरण पाच-सहा पानांत उरकलेलं होतं. पुढची सगळी पानं माणसांची. एका पानावर एक शब्द, खाली बारीक अक्षरात मराठीत अर्थ, आणि त्याखाली उदाहरण. उदाहरण म्हणजे वाक्य नव्हे. उदाहरण म्हणजे माणूस, आमच्याच कंपनीतला, खात्याच्या नावासकट.

"डिक्शनरीत उदाहरणाला वाक्य देतात," ते म्हणाले. "वाक्य काय, कोणीही रचतं. शब्द कळायला माणूस बघावा लागतो."

आणि त्यांचा नियम असा, की एक शब्द, एक माणूस. एकदा शब्द कोणाला दिला की तो दुसऱ्याला द्यायचा नाही, मग दुसरा कितीही लायक असो. त्याच्यासाठी दुसरा शोधायचा. पहिलं पान मात्र आत दुमडून त्याला दोन टाचण्या मारलेल्या होत्या. मी विचारलं तर म्हणाले, "तिथे नुसतं हेडिंग आहे."

'स्टेडी'च्या पानावर मशीन शॉपमधला एक टर्नर होता. अर्थाच्या जागी लिहिलेलं: सोमवारीही शनिवारसारखाच. 'थरो' आणि 'केअरफुल' यांच्यात एका फिटरचं घोडं अडलं होतं, तर हे सलग तीन दिवस त्याच्या बाकाशेजारी हात मागे बांधून उभे राहिले. फिटर घाबरून युनियनकडे गेला. "काका माझ्यावर वॉच ठेवतायत, मी काय केलंय?" तीन दिवसांनी निकाल लागला. चुकेल म्हणून भितो तो केअरफुल. काम अर्धं राहिलेलं बघवत नाही तो थरो. फिटर थरो ठरला. त्याला कळलं तेव्हा तो अर्थ न समजताच इतका खूश झाला की त्याने खात्याला वडे दिले.

'काइंड'च्या पानावर फाउंड्रीच्या सुपरवायझरचं नाव बघून तर मी ओरडलेच. तोंडाने तो माणूस इतका घाण की मी फाउंड्रीच्या बाजूला फिरकत नसे.

"सर, हा काइंड?"

"तो तुला शिव्या देईल. पण तुला लागलं तर रिक्षा करून दवाखान्यात नेईल, शिव्या देत का होईना. जेंटल माणूस वेगळा. तो कोणाला दुखवत नाही आणि कोणासाठी उठतही नाही." जेंटलच्या पानावर आमचे अकाउंटंट होते.

आणि 'ऑनेस्ट'च्या पानावर होता शिंगटे, स्टोअरकीपर. मूळचा साताऱ्याकडचा, कोपरीत आमच्या मागच्याच गल्लीत दोन खोल्यांत राहायचा, पदरात दोन मुली. बावीस वर्षं पितळेच्या ढिगाऱ्यात बसून या माणसाने एक स्क्रू घरी नेला नव्हता. बाकी मात्र थापाड्या एक नंबरचा. डबा आणलेला नसला तरी 'आत्ताच जेवलो' म्हणायचा, वय विचारलं की पाच वर्षं कमी सांगायचा, बायको आजारी असली तरी 'घरी एकदम मस्त'. म्हणून त्या पानावर तळटीप होती: ऑनेस्ट, पण ट्रुथफुल नव्हे. मी पोट धरून हसले होते.

माणूस निवृत्त झाला की त्याच्या सर्टिफिकेटावर त्याचा शब्द यायचा. आमच्याकडे लोक निवृत्तीच्या घड्याळाची नाही, त्या शब्दाची वाट बघायचे. मीही. अकरा वर्षांत किमान पंचवीस वेळा विचारलं असेल, "सर, माझा कुठला?"

"अजून पेन्सिलीत आहे."

एकदा पाय मुरगळून ते महिनाभर घरी होते, तेव्हा मी सह्यांचे कागद घेऊन शहाडला त्यांच्या घरी गेले. नदीच्या बाजूची जुनी बिल्डिंग, दुसरा मजला. काकूंनी जेवल्याशिवाय सोडलं नाही. भरली वांगी केलेली. मी पहिल्या घासालाच म्हटलं, "काकू, काय चांगली झालीयत हो!"

काकू ताटलीत वाढता वाढता थांबल्या. "ऐकलंत?" नवऱ्याला म्हणाल्या. "ही पोरगी एका घासात म्हणाली. तुम्ही कधी म्हणालात?"

सर मान खाली घालून जेवत होते. "मसाला देठापर्यंत मुरलाय," ते म्हणाले.

"म्हणजे चांगली झालीय ना?"

"मसाला मुरलाय, हे मी म्हटलं."

"बघ," काकू मला म्हणाल्या. "साडी नेसले तर म्हणतात, काठ उठून दिसतात. घर आवरलं तर म्हणतात, लख्ख दिसतंय. भाजी चांगली, साडी चांगली, बायको चांगली, एवढं म्हणायला या माणसाची जीभ झिजते." हसत हसत बोलत होत्या, पण दारापर्यंत मला सोडायला आल्या तेव्हा हसू उरलं नव्हतं. "त्या कंपनीत टर्नरला, फिटरला शब्द शोधत बसतात म्हणे. मला शोधलेला नको होता गं. साधा चांगली पुरला असता."

मला सरांचा भयंकर राग आला होता. इंग्रजीतला गुड तर गुड, घरात मराठीतला चांगलासुद्धा बंद, ही कुठली तऱ्हा? दुसऱ्या कोणाला सांगितलं असतं तर खोटं वाटलं असतं.

मग कंपनी बंद झाली. एका सोमवारी सकाळी गेटवर नोटीस लागलेली, इतकंच. महिन्याभरात काम थांबणार, जमीन बिल्डरकडे जाणार. माणसं नोटिशीपुढे उभी होती. शिंगटे माझ्याकडे बघून म्हणाला, "काय नाय, लागेल कुठेतरी." दोन मुलींपैकी मोठी बारावीला होती आणि त्याच्या घरात दुसरं कमावणारं कोणी नव्हतं, हे मला माहीत होतं.

हेड ऑफिसने सर्टिफिकेटचा एक ठराविक नमुना पाठवला. नावं बदला, एकशे चार प्रती काढा, वाटा. सरांनी तो नमुना खणात टाकला आणि तीन आठवडे मागून घेतले. त्या तीन आठवड्यांत ते रजिस्टर घेऊन बसले. ज्यांना अजून शब्द नव्हता त्यांच्या मागे फिरले. पॅकिंगमधल्या बायकांशी बोलले, वॉचमनबरोबर गेटवर बसले. शेवटच्या दिवशी कँटीनमध्ये सगळे जमले आणि त्यांनी एकेकाला पुढे बोलावून त्याचा शब्द वाचला, मराठीत अर्थ सांगितला आणि कागद हातात दिला. एकशे चार माणसं, एकशे चार शब्द. एकही शब्द दुसऱ्यांदा आला नाही. फाउंड्रीचा सुपरवायझर 'काइंड' ऐकून ढसाढसा रडला, आणि रडता रडता त्याने काकांना एक सणसणीत शिवी दिली. शिंगटेने कागद कपाळाला लावला. नाखव्याला मिळाला 'जेनेरस', आणि अर्थ कळल्यावर तो म्हणाला, "मंजे गुडपेक्षा मोठा का लहान?" सर म्हणाले, "मोठा." एवढा मान त्या माणसांना त्याआधी कोणी दिला असेल असं मला वाटत नाही.

कागदपत्रं आवरायला सर, मी आणि टाइमकीपर असे तिघे मागे राहिलो; माझा कागद मला कुलूप लावायच्या दिवशी मिळणार होता. रिकाम्या शेडमधून कबुतरं फिरायची. दीड महिन्याने एका सकाळी शिंगटे आला. दाढी वाढलेली. बसा म्हटलं तर बसला नाही. त्याने ते सर्टिफिकेट टेबलावर ठेवलं.

"काका," तो म्हणाला, "तुम्ही माझं वाटोळं केलंत."

सरांनी कागद उचलून पुन्हा वाचला.

"तीन ठिकाणी गेलेलो. तिन्ही ठिकाणी तेच. डोंबिवलीच्या एमआयडीसीत तर नोकरी जवळजवळ पक्की झालेली. तिथला साहेब कागद बघून विचारतो, सगळ्यांच्या कागदावर गुड असतं, तुझ्या कागदावर मुद्दाम ऑनेस्ट का लिहिलंय? स्टोअरमध्ये चोरीबिरीची काय भानगड झालेली का? चौकशी बसलेली का?" त्याने त्या कागदावर बोट आपटलं. "बावीस वर्षं मी एक स्क्रू नेला नाय काका. आणि आता मला विचारतायत, चोरी केलेलीस का?"

मग कळलं की तो एकटा नव्हता. थरो फिटरला विचारलं होतं, थरो म्हणजे स्लो का? स्टेडीला म्हटलं होतं, बाकी काही येत नाही वाटतं. काइंड सुपरवायझरला तर, आम्हाला माणसं हाकणारा पाहिजे म्हणून परत पाठवलं होतं. सगळ्यांना वाटत होतं की कागदावर गुड नाही म्हणजे माणसात काहीतरी खोट आहे, आणि आधीच्या कंपनीने ती गोड शब्दांत लपवली आहे.

"अरे, ऑनेस्ट हा गुडपेक्षा मोठा शब्द आहे," सर कसेबसे म्हणाले.

"असेल मोठा. मला लहान द्या. माझी पोरगी कॉलेज सोडायचं बोलतेय."

त्याच दिवशी सर मला घेऊन डोंबिवलीला गेले. रजिस्टर पिशवीत घेतलं होतं. त्यांना वाटत होतं, आपण समजावून सांगितलं की काम होईल. तिथला पर्सोनेलवाला जेमतेम तिशीचा, वागायला अदबीचा मुलगा होता. त्याने सगळं ऐकून घेतलं. सरांनी रजिस्टर उघडून ऑनेस्टचं पान दाखवलं, तळटीपेवर बोट ठेवून. मुलगा गोंधळला, मग त्याने कॉम्प्युटरचा पडदा आमच्याकडे वळवला.

"सर, तुमचं बरोबर असेल. पण मला हे इथे भरायला लागतं. कंडक्टच्या रकान्यात तीनच ऑप्शन येतात. गुड, सॅटिसफॅक्टरी, पुअर. मी ऑनेस्ट कुठे टाकू सांगा ना."

सर पुढे वाकून पडद्याकडे बघत राहिले. "तीनच?"

"तीनच, सर."

"माणसाला तीनच?"

मुलाला खरंच वाईट वाटलं असावं, त्याने पाणी मागवलं. सरांनी ते घेतलं नाही. मी त्यांना आयुष्यात घाबरलेलं पाहिलं नव्हतं. त्या दिवशी पाहिलं. परत येताना रिक्षात त्यांनी रजिस्टर असलेली पिशवी पायाशी ठेवली होती, आणि ती कधी नव्हे ती रिक्षातच राहिली असती, मी उचलली म्हणून आली.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात पोचले तेव्हा ते माझ्या कॉम्प्युटरवर बसलेले. दोन बोटांनी एकेक अक्षर शोधून टाइप करत होते. मी मागे जाऊन बघितलं आणि माझा विश्वासच बसेना. 'हिज कंडक्ट वॉज गुड.' ज्या हातांनी माझा कागद फाडला होता, त्याच हातांनी.

"सर, मी करून देते ना. नावांची यादी आहे, पाच मिनिटांत एकशे चार निघतील."

"पाच मिनिटांत एकशे चार माणसं?" ते म्हणाले. "नको. निदान एकेकाचं नाव मी घेतो."

चार दिवस लागले त्यांना. प्रत्येक कागद वेगळा टाइप केला, आणि प्रत्येकावर तोच एक शब्द. मधे त्यांचे डोळे पाण्याने भरलेले मला दिसले, पण तेव्हा मला वाटलं की इतक्या वर्षांचं काम वाया गेलं याचं त्यांना दुःख असणार. मला त्याहून जास्त काही माहीत नव्हतं.

माणसं नवे कागद न्यायला आली. ऑफिसचा नियम असा की एका माणसाला दोन सर्टिफिकेटं देता येत नाहीत. नवं घ्यायचं तर जुनं परत करायचं. सर यादी घेऊन दारात बसले. पहिला टर्नर आला.

"जुनं?"

"काका, ते हरवलं."

फिटर आला. "भिजलं हो." सुपरवायझर म्हणाला, "उंदराने खाल्लं," आणि त्या उंदरालाही शिवी दिली. नाखव्याला नवं सर्टिफिकेट कशाला हवं होतं देव जाणे, पण तोही आला आणि म्हणाला, "जुनं खाडीन परलं." संध्याकाळपर्यंत एकानेही जुना कागद परत दिला नाही. सर प्रत्येकाच्या नावापुढे गंभीर चेहऱ्याने लिहीत होते: हरवलं, हरवलं, हरवलं. शेवटी शिंगटे आला.

"जुनं?"

"हरवलं, काका," शिंगटे म्हणाला. त्याच्या शर्टाच्या खिशातून घडी केलेला कागद वर आलेला मला दिसत होता, म्हणजे सरांनाही दिसत असणार.

"ट्रुथफुल नव्हेच," सर म्हणाले आणि त्यांनी लिहिलं: हरवलं. पंधरा दिवसांत शिंगटेला डोंबिवलीची नोकरी लागली. गुड म्हणून.

शेवटी माझी पाळी आली. ऑफिसला कुलूप लावायच्या दिवशी त्यांनी मला माझं सर्टिफिकेट दिलं. मी अधाशासारखं उघडलं. 'हर कंडक्ट वॉज गुड.' अकरा वर्षं वाट बघितलेली, आणि अख्ख्या कंपनीत स्वतःचा शब्द न मिळालेली मी एकटी.

"सर, माझा शब्द कुठे आहे?"

"तुला नोकरी लागायची आहे," ते म्हणाले.

मला रडू फुटलं. "मला पण नंतर हरवता आला असता ना!"

ते रजिस्टर पिशवीत घालून निघून गेले. मी रागाच्या भरात त्यांना सोडायला गेटपर्यंतही गेले नाही, ते मला अजून लागतं.

मला ठाण्यातच एका ऑफिसात नोकरी लागली. मधली वर्षं फोन कधीतरी व्हायचा. दोन वर्षांपूर्वी टाइमकीपरचा मेसेज आला की सर गेले. सकाळी पेपर वाचता वाचता, कोणाला हाकही न मारता. पंधराव्या दिवशी मी शहाडला गेले. खरं सांगते, काकूंना भेटायला तर गेलेच, पण मनात एक चोर होता: रजिस्टर बघायला मिळालं तर माझं पान शोधायचं.

काकू शांत होत्या. इकडचं तिकडचं बोलणं झालं. मग म्हणाल्या, "एकदा तरी म्हणतील असं वाटायचं गं. शेवटपर्यंत वाटायचं. आदल्या रात्री आमटी केलेली. म्हणाले, आंबट बेतशीर आहे." त्यांनी पदराने तोंड पुसलं. "ते रजिस्टर तू घेऊन जा. इंग्रजीचं म्हणून मी कधी उघडलं नाही, नुसती धूळ झटकायचे. तुझ्या उपयोगाचं असेल."

त्यांनी ते कपाटातून काढून माझ्या मांडीवर ठेवलं. मी घाईघाईने शेवटाकडून पानं उलटायला लागले, तर दुमडलेलं पहिलं पान निसटून उघडलं. टाचण्या गंजून तुटल्या होत्या. वर हेडिंग होतं, मोठ्या अक्षरात: गुड. त्याखाली, शाई पिवळी पडलेल्या बारीक मराठी अक्षरात दोन ओळी होत्या. त्या मी वाचल्या. पान मला पुढे उलटवेना.

"काय गं? काय लिहिलंय?"

"काकू, हे मराठीत आहे," मी म्हटलं. "तुम्हीच वाचा."

त्यांनी चष्मा लावला. रजिस्टर खिडकीकडे धरून, एकेका शब्दावर बोट ठेवत, मोठ्याने वाचलं.

"गुड. चांगला, चांगली. उदाहरण: सुमन."

सुमन म्हणजे काकूच. त्याच्याखाली त्यांच्या लग्नाच्या वर्षीची तारीख होती. काकूंचं बोट त्या नावावर बराच वेळ तसंच राहिलं. एक शब्द, एक माणूस. एकदा दिला की दुसऱ्याला द्यायचा नाही, चपलेला नाही, भाजीला नाही, डायरेक्टरच्या मॉर्निंगलाही नाही. मी अकरा वर्षं त्या माणसासमोर बसले होते आणि मला काहीही कळलं नव्हतं.

त्याखाली बॉलपेनने नंतर लिहिलेली आणखी एक ओळ होती. तीही त्यांनी वाचली.

"आज हा शब्द एकशे चार जणांना द्यावा लागला. त्यांच्या पोटाचा प्रश्न होता. सुमनला विचारलं नाही."

काकूंनी चष्मा काढला. रजिस्टर मिटलं, पण मला परत दिलं नाही. ते छातीशी धरून बसल्या. माझं पान बघायचं राहूनच गेलं आणि ते मागायची मला लाज वाटली.

"विचारलं असतं तर दिला असता की मी," त्या म्हणाल्या. "लोकांच्या पोटाचं होतं, नाही कशाला म्हटलं असतं?" मग रजिस्टरवरून हात फिरवत म्हणाल्या, "पण तो माझ्याकडे होता, हे तरी मला सांगायचं."